स्क्रॅच असेत चीर उशिरा भरते आहे: पेशींचं सरकणं मंदावलं, विभाजन थांबलं की पकडच सुटली?

प्रयोगवही (नागपूर)

नमस्कार मंडळी. संत्र्याच्या सालीच्या मेथॅनॉल अर्काचा पेशींच्या स्थलांतरावर काय परिणाम होतो ते स्क्रॅच असेने (पेशींच्या भरलेल्या थरात चीर पाडून ती किती लवकर भरते ते बघायच्या चाचणीने) तपासते आहे. सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी) दोन, दोन्ही स्तनाच्या कर्करोगाच्या: एमडीए-एमबी-२३१ (पुढे नुसतं २३१) आणि एमसीएफ-७. सध्याची पद्धत सांगते. सहा वेलची (खळग्यांची) प्लेट, डीएमईएम (पेशींचं पोषक माध्यम), १० टक्के एफबीएस (वासराचं सीरम), ५ टक्के सीओटू. पेशी पूर्ण भरल्या की २०० मायक्रोलिटरच्या टिपने चीर, साध्या पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) दोनदा धुणं, मग त्याच १० टक्के एफबीएसच्या माध्यमात १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि अर्क. डीएमएसओ (अर्क विरघळवायचा द्रव) ०.१ टक्के, कंट्रोललाही (अर्क नसलेल्या वेललाही) तेवढाच. फोटो ० आणि २४ तासांना, १० एक्स फेज कॉन्ट्रास्ट. लाइव्ह इमेजिंगची सोय नाही.

२३१ मध्ये कंट्रोलची चीर २४ तासांत जवळजवळ बुजते, अर्काच्या वेलमध्ये बरीच उघडी राहते. पण काही गोष्टी अडतात:

चिरेच्या काठावर अर्काच्या वेलमध्ये गोल, चमकदार पेशी खूप दिसतात. त्या मेलेल्या आहेत की विभाजनात आहेत, हे कसं ओळखायचं?

एमसीएफ-७ मध्ये टिप फिरवली की काठाचा थर पापुद्र्यासारखा उचलला जातो आणि धुताना आणखी निघतो.

मे महिना लागल्यापासून कंट्रोलचे आकडेही एका आठवड्याचे दुसऱ्याशी जुळत नाहीत.

माइटोमायसिन-सी (विभाजन थांबवणारं औषध) द्यावंच लागतं का? विभाजन आणि स्थलांतर वेगळं करून दाखवा, असं मार्गदर्शकांचं म्हणणं आहे.

---

उष्मांक३७

ताई, तिसऱ्या अडचणीपासून सुरुवात करा. कंट्रोल जुळत नसेल तर बाकी सगळी चर्चा हवेत राहील.

साधा सीओटू इन्क्युबेटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. पंखा आणि इलेक्ट्रॉनिक्सची उष्णता आत जमत असते, म्हणून बाहेरची खोली आतल्या तापमानापेक्षा किमान ५ अंशांनी थंड हवी. ३७ ठेवायचे असतील तर खोली ३२ च्या खाली. नवतप्यात नागपुरात बाहेर ४५ असताना रात्री एसी बंद झाला, तर बंद खोली सहज ३५-३६ वर जाते आणि आतलं तापमान ३९-४० कडे सरकतं. सकाळी एसी लागला की पुन्हा ३७ दिसतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. वॉटर जॅकेट असेल तर हिवाळ्यात वीज गेल्यावर त्याचा फायदा होतो, उन्हाळ्यात मात्र चढलेलं तापमान उतरायला तितकाच वेळ लागतो.

डिस्प्लेवर विसंबू नका. १०० मिलि पाण्याच्या बाटलीत कमाल-किमान थर्मामीटरचा प्रोब बुडवून, ज्या शेल्फवर प्लेट ठेवता तिथेच २४ तास ठेवा. कमाल आकडा ३८ च्या वर गेला असेल तर त्या रात्रीच्या प्लेट मोजणीत धरू नका. ४१-४२ अंशांवर काही तास राहिलेल्या पेशींत हीट-शॉक प्रथिनं वाढतात, सायटोस्केलेटन विस्कटतं, विभाजन अडतं आणि पेशी गोल होतात. म्हणजे तुमच्या अर्काचा परिणाम वाटतो तसंच चित्र नुसत्या उष्णतेनेही तयार होऊ शकतं.

दुसरं, कोरडी हवा. मेमध्ये ट्रेचं पाणी भराभर उडतं. ट्रे रिकामा झाला की वेलमधलं माध्यम आटतं. १० टक्के आटलं तर क्षारांची तीव्रताही साधारण तेवढीच वाढते, आणि कडेच्या वेलमध्ये हे सगळ्यात आधी घडतं. ट्रेमध्ये निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटर रोज बघून भरा. इन्क्युबेटरचा सीओटू सेन्सर थर्मल कंडक्टिव्हिटीचा असेल तर आर्द्रता बदलली की तो चुकीचं वाचतो. इन्फ्रारेड सेन्सरवर आर्द्रतेचा असा परिणाम होत नाही. कोणता आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा. पहिल्या प्रकारचा असेल तर पाणी भरून आर्द्रता स्थिर होऊ द्या, त्यानंतरच फायराइटने (सीओटू मोजायच्या साध्या उपकरणाने) ५ टक्के तपासा.

कल्चर रूममध्ये किंवा तिच्या दारासमोरच्या पॅसेजमध्ये कूलर लावू देऊ नका. ओली खस आणि टाकीतलं पाणी म्हणजे बुरशीच्या बीजाणूंचं घर, आणि कूलरची हवा सरळ हूडच्या तोंडाशी येते.

फोटो काढतानाचंही बघा. डीएमईएममध्ये ३.७ ग्रॅम प्रति लिटर बायकार्बोनेट असतं. प्लेट सीओटूबाहेर आली की पीएच चढू लागतो आणि माध्यम गुलाबी-जांभळं होतं. एका प्लेटला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर माध्यमात २० ते २५ मिलिमोलर हेपेस (पीएच स्थिर ठेवणारं बफर) घाला. आणि कुणाच्या सांगण्यावरून २३१ साठी एल-१५ माध्यम आणलंत, तर ते सीओटूच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवू नका. ते साध्या हवेसाठी बनवलेलं आहे, ५ टक्के सीओटूत ते आम्ल होऊन पिवळं पडतं.

---

जोडबिंदू

उष्मांक सरांनी पाया सांगितला. मी विभाजन आणि स्थलांतराकडे येतो.

आधी साधा हिशेब. २३१ चा दुपटीचा काळ ३० तास धरला, तर २४ तासांत पेशी १.७४ पट होतात आणि १२ तासांत १.३२ पट. दाट थरात वाढ मंदावते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी येईल. पण १० टक्के एफबीएसमध्ये २४ तासांनी मोजलेल्या बंद होण्यात नव्या पेशींचा वाटा नक्कीच आहे. तुमच्या हातातल्या पेशींची वाढरेषा काढा, दुसऱ्याचा आकडा उचलू नका. पॅसेज (पेशी कितव्यांदा नव्या प्लेटमध्ये वाटल्या ते) आणि सीरमच्या बॅचनुसार तो बराच बदलतो.

म्हणून मोजणीची खिडकी लहान करा: ०, ४, ८, १२ तास. सीरम ०.५ ते १ टक्क्यावर आणा. एकदम शून्य करू नका. तसं केलं तर २३१ चं सरकणं मंदावू शकतं आणि लांब काळात पेशी मरू लागतात, मग कंट्रोल आणि अर्क यांच्यातला फरक दिसणं अवघड होतं.

माइटोमायसिन-सी: प्रचलित मात्रा १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, २ तास, चीर पाडण्याआधी. मग तीनदा धुऊन ताजं माध्यम. हे द्रव्य डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी बांधून टाकतं, त्यामुळे प्रतिकृती थांबते. पण म्हणूनच ते निरुपद्रवी नाही. एमसीएफ-७ मध्ये पी-५३ (डीएनएला इजा झाली की विभाजन थांबवणारं प्रथिन) शाबूत आहे, २३१ मध्ये ते उत्परिवर्तित आहे. डीएनएला इजा झाल्यावर दोन्ही लाइन वेगळा प्रतिसाद देतात. २४ तासांपुढे पेशी फुगतात, पसरतात, काही मरतात, आणि पसरलेली पेशीही चीर झाकतेच. माझं मत असं की माइटोमायसिन हा एकमेव पुरावा म्हणून वापरू नये. ते दिलेली आणि न दिलेली अशा दोन्ही प्लेट समांतर चालवा, १२ तासांत थांबा. द्रव्य प्रकाशात बिघडतं, प्लेट फॉइलमध्ये ठेवा. विषारी आहे, धुतलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका, सायटोटॉक्सिक कचऱ्यात द्या.

त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे विभाजन थांबवण्याऐवजी ते मोजणं. शेवटच्या २ तासांत १० मायक्रोमोलर ईडीयू (नव्याने बनणाऱ्या डीएनएत शिरणारा पदार्थ) घाला, मग फिक्स करून (पेशी रसायनाने आहे तशा स्थिर करून) क्लिक अभिक्रिया (ईडीयूला चमकता रंग जोडणारी) आणि हेक्स्ट (सगळी केंद्रकं दाखवणारा रंग) १ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. काठापासून २०० मायक्रॉनच्या पट्ट्यात आणि थरात दूरवर, दोन्हीकडे ईडीयू-धन केंद्रकांची टक्केवारी काढा. एस टप्प्यातल्या (डीएनएची प्रत काढणाऱ्या) पेशी यात सापडतील. मायटोसिसमधल्या (प्रत्यक्ष विभागत असलेल्या) पेशींसाठी हिस्टोन एच-३ च्या सेरिन-१० वरच्या फॉस्फेटची अँटिबॉडी वापरा. हे फॉस्फेट जी-२ च्या (मायटोसिसच्या लगेच आधीच्या टप्प्याच्या) शेवटापासून अ‍ॅनाफेजपर्यंत टिकतं.

आणि एक मोजणी, जिला खर्च जवळजवळ नाही. शून्य तासाला चिरेची हद्द फोटोवर आखून ठेवा. शेवटच्या फोटोत त्या मूळ हद्दीच्या आत किती केंद्रकं आली, ते मोजा. झाकलेलं क्षेत्रफळ वाढलं पण आत केंद्रकं आली नाहीत, तर काठावरच्या पेशी नुसत्या पसरल्या आहेत, सरकलेल्या नाहीत. बहुतेक लोक क्षेत्रफळावरच थांबतात आणि हा फरक हातचा जातो.

आता गोल पेशी. मायटोसिसमधली पेशी फेजमध्ये गुळगुळीत, एकसारखी चमकदार दिसते. ४० एक्सवर मेटाफेजमध्ये (गुणसूत्रं रांगेत येतात तेव्हा) मधोमध गडद पट्टी दिसते आणि कडेने तळाशी बांधलेले बारीक धागे, म्हणजे रिट्रॅक्शन फायबर, दिसतात. विभाजनात शिरताना पेशीने पाय आवरले, पण दोर तसेच ठेवले, असं समजा. मरणारी पेशी खडबडीत, दाणेदार, फुगवट्यांची असते आणि प्लेट हलवली की तरंगते. ट्रायपॅन ब्लू ०.४ टक्के घालून लगेच बघा: निळी झाली तर मेलेली.

टक्केवारीही बोलकी असते. वाढत्या कल्चरमध्ये एका क्षणी मायटोसिसमधल्या पेशी साधारण २ ते ५ टक्के असतात. अर्काच्या वेलमध्ये १२-१६ तासांनी त्या १५-२० टक्के भरल्या, तर अर्क पेशींना मायटोसिसमध्ये अडकवतो आहे. बहुधा स्पिंडलच्या (गुणसूत्रं ओढणाऱ्या चातीच्या) सूक्ष्मनलिकांवर परिणाम असेल. अशा वेळी चीर उशिरा भरणारच, कारण गोल झालेली पेशी सरकत नाही. ते अँटि-मायटोटिक आहे, अँटि-मायग्रेटरी म्हणता येणार नाही. तपासायला नोकोडाझोल (सूक्ष्मनलिका मोडणारं औषध) १०० नॅनोग्रॅम प्रति मिलि, १६ तास हा धन कंट्रोल (परिणाम नक्की दाखवणारा) ठेवा. तो धुऊन काढला की तास-दोन तासांत पेशी पुढे विभागू लागतात. तुमचा अर्क धुतल्यावर तसंच होतं का, हे बघणं फार उपयोगी ठरेल.

ट्यूब्युलिन (सूक्ष्मनलिकांचं प्रथिन) रंगवायचं असेल तर फिक्स करण्याआधी थंड पीबीएसने धुऊ नका. थंडीत सूक्ष्मनलिका विरघळतात आणि चूक अर्काच्या नावावर जाते.

---

मॅट्रिक्स_वर्धारोड

पापुद्रा निघण्याबद्दल.

एमसीएफ-७ च्या पेशी ई-कॅडेरिन या प्रथिनाने एकमेकींना घट्ट धरतात. कल्चर पूर्ण भरल्यावर आणखी एक-दोन दिवस तसंच राहिलं तर शेजारणीची पकड तळाच्या पकडीपेक्षा भारी होते, मग टिपने एक पेशी ओढली की सगळा थर येतो. ९० ते ९५ टक्के भरल्याबरोबर चीर पाडा. टिप तळाला काटकोनात धरा, एकाच वेगाने, एकाच दाबाने. तिरकी धरली तर ती फावड्यासारखी काम करते.

धुण्याचं पीबीएस कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं घ्या, ३७ अंशांवर गरम करून, वेलच्या भिंतीवरून सोडा. तुमच्या साध्या पीबीएसमध्ये हे दोन्ही नाहीत. इंटिग्रिनला (पेशीला तळाशी बांधणाऱ्या प्रथिनाला) तळ धरायला मॅग्नेशियम लागतं, कॅडेरिनला शेजारीण धरायला कॅल्शियम. तुम्ही धुताना दोन्ही पकडी सैल करता आहात.

तरीही निघत असेल तर तळ लेपा. फायब्रोनेक्टिन (पेशी ज्याला चिकटतात ते प्रथिन) १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि पीबीएसमध्ये, ३७ अंशांवर १ तास. किंवा कोलॅजन-१, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, २० मिलिमोलर अ‍ॅसेटिक आम्लात, १ तास, मग आम्ल पूर्ण जाईपर्यंत धुणं. पॉलिलायसिन वापरू नका. त्यावर पेशी विद्युतभाराने चिकटतात, इंटिग्रिनने नाही. अर्काचा इंटिग्रिनवरचा परिणाम तिथे झाकला जाईल.

लेपाची एक अडचण आहे: टिप लेपही खरवडते. पेशी मग उघड्या प्लॅस्टिकवर सरकतात आणि प्रत्येक वेलमध्ये किती लेप उरला ते कळत नाही. म्हणून लेप असेल तर चीर नकोच, सिलिकॉनचा दोन कप्प्यांचा इन्सर्ट लावा. मधली भिंत ५०० मायक्रॉनची असते, प्रत्येक कप्प्यात ७० मायक्रोलिटर, ५ लाख पेशी प्रति मिलिपासून सुरुवात करा. चिमट्याने उचलला की सरळ काठाची मोकळी जागा मिळते, पेशी फाटत नाहीत, फाटलेल्या पेशींतून सांडलेला ऐवज शेजारणींना चेतवत नाही. इन्सर्ट महाग वाटला तर लॅबमध्ये पीडीएमएस (सिलिकॉन रबर; मूळ द्रव आणि घट्ट करणारा द्रव) १०:१ ने ओतून, पट्ट्या कापून ऑटोक्लेव्ह करता येतात.

आता खरा मुद्दा. अर्क चिकटणंच कमी करतो का, हे वेगळं तपासल्याशिवाय स्थलांतराचा निष्कर्ष काढू नका. सालीत पॉलिफिनॉल भरपूर असतात आणि त्यातले काही प्रथिनांना सरळ बांधतात. लेपाच्या प्रथिनालाही.

आसंजन (चिकटण्याची) चाचणी अशी लावा. ९६ वेलची प्लेट फायब्रोनेक्टिनने लेपा. उरलेली जागा १ टक्का बीएसएने (गायीच्या सीरममधल्या अल्ब्युमिनने) झाका. ते बीएसए ८५ अंशांवर १० मिनिटं तापवून गार केलेलं हवं, नाहीतर पेशी त्याच्यावरही थोड्या बसतात. पेशी ट्रिप्सिनऐवजी २ ते ५ मिलिमोलर ईडीटीएने (कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधणाऱ्या रसायनाने) सोडवा, कारण ट्रिप्सिन पृष्ठभागावरची प्रथिनं तोडतं. ईडीटीए नीट धुऊन काढा, पेशी सीरमविरहित माध्यमात घ्या. सीरम ठेवलं तर त्यातलं व्हिट्रोनेक्टिन आणि फायब्रोनेक्टिन स्वतःच तळाला बसेल आणि तुमच्या लेपाला अर्थ उरणार नाही. प्रति वेल ४० हजार पेशी, ३७ अंशांवर २०, ४० आणि ६० मिनिटं. हलकं धुणं, फिक्स, ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट, रंग १० टक्के अ‍ॅसेटिक आम्लात सोडवून ५९० नॅनोमीटरला वाचन. न धुतलेली वेल १०० टक्के, फक्त बीएसएची वेल शून्य. १ मिलिमोलर मँगनीज हा धन कंट्रोल, ५ मिलिमोलर ईडीटीए हा ऋण. अर्क दोन प्रकारे द्या: पेशींना आधी देऊन धुतलेला, आणि लेपाला देऊन धुतलेला. दुसऱ्यात पेशी चिकटणं घटलं तर परिणाम लेपावर आहे, पेशींवर नाही.

आकडे आले की त्यांचा अर्थ लावताना घाई नको. पकड कमी झाली म्हणजे वेग कमी होईलच असं नाही. पालेसेक, हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नेचरमध्ये दाखवलं की पकड मध्यम असताना पेशीचा वेग सर्वाधिक असतो. पकड फार सैल असेल तर पुढचा पाय रोवता येत नाही, फार घट्ट असेल तर मागचा सुटत नाही. २३१ ची मूळ पकड कोणत्या बाजूला आहे, यावर अर्काचा परिणाम उलटाही दिसू शकतो. म्हणून फायब्रोनेक्टिनच्या १, ५, १० आणि २० मायक्रोग्रॅम अशा पायऱ्यांवर वेग मोजून रेषा काढा आणि अर्काने ती कुठे सरकते ते पाहा. माझ्या मते तुमच्या प्रबंधातला सगळ्यात मोलाचा आलेख हाच होईल.

जोडबिंदू यांच्या रिट्रॅक्शन फायबरच्या मुद्द्यात थोडी भर. पेशी विभाजनाला बसते तेव्हा तळाला धरणारे ठिपके, म्हणजे फोकल अ‍ॅढेजन बहुतांश मोडतात, पण तळाशी नातं तुटत नाही. थेरी आणि बोर्नेन्स यांनी २००५ मध्ये दाखवलं की गोल होण्याआधी पेशी तळाला कुठे धरून होती, त्यावर स्पिंडलची दिशा ठरते. २०१८ मध्ये स्ट्रॉमब्लाड यांच्या गटाने अल्फा-व्ही बीटा-५ इंटिग्रिनची जाळीदार आसंजनं दाखवली, ती अ‍ॅक्टिनशिवाय मायटोसिसभर टिकतात. त्याच वर्षी हम्फ्रीज यांच्या गटाने दाखवलं की सीडीके-१ (पेशीचक्र पुढे नेणारं विकर) इंटरफेजमध्ये (दोन विभाजनांमधल्या काळात) आसंजन वाढवतं आणि जी-२ मध्ये ते सैल होऊ लागतं. याचा तुमच्याशी थेट संबंध आहे: अर्काने पेशी जी-२ मध्ये साचल्या, तर इंटिग्रिनला हात न लावताही पकड कमी दिसेल. आसंजनाच्या आकड्याशेजारी पेशीचक्राचा आकडा ठेवावाच लागेल. प्रोपिडियम आयोडाइडची फ्लो सायटोमेट्री (डीएनए रंगवून एकेका पेशीतलं प्रमाण मोजणं) पुरे.

---

मोजपट्टी

वरच्यांनी जीवशास्त्र सांगितलं, मी फक्त मोजमापाचं सांगतो.

टक्क्यांत 'बंद झालेली जखम' लिहू नका. हाताने पाडलेल्या चिरा सारख्या रुंदीच्या नसतात. अरुंद चीर तेवढ्याच वेगाने जास्त टक्के भरते. काठाचा वेग काढा: सुरुवातीचं क्षेत्रफळ वजा नंतरचं, भागिले दोनदा चिरेची लांबी गुणिले तास. दोन काठ सरकतात म्हणून दोन. उदाहरण घ्या. फोटोतली लांबी १.२ मिलिमीटर, क्षेत्रफळ ०.८४ वरून ०.४८ चौरस मिलिमीटर, १२ तास. फरक ०.३६, भागिले २८.८, म्हणजे ०.०१२५ मिलिमीटर, ताशी १२.५ मायक्रॉन.

प्रत्येक वेळी तीच जागा मिळावी म्हणून प्लेटच्या बाहेरून, तळाखाली, चिरेला आडव्या दोन रेषा कायम शाईच्या मार्करने मारा आणि रेषेच्या लगेच वरचा व खालचा फोटो घ्या. रेषा चिरेवर मधोमध नको, फेजमध्ये सावली येते. इमेज-जे (फोटो मोजायचं सॉफ्टवेअर) मध्ये फाइलची नावं दुसऱ्याकडून बदलून घ्या, म्हणजे कंट्रोल कोणता हे मोजणाऱ्याला कळणार नाही. आणि एका वेलमधले सहा फोटो म्हणजे सहा नमुने नव्हेत. त्यांची सरासरी काढून वेलचा एक आकडा, वेलच्या सरासरीतून त्या दिवसाचा एक आकडा. सांख्यिकीसाठी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजवर केलेले किमान तीन प्रयोग.

लाइव्ह इमेजिंग नसेल तर जोडीला ट्रान्सवेल (सच्छिद्र पडद्यातून पेशी खाली उतरतात का ते बघायची चाचणी) करा. ८ मायक्रॉनची छिद्रं, २४ वेलचा इन्सर्ट, वर २०० मायक्रोलिटर सीरमविरहित माध्यमात ५० हजार पेशी, खाली ६०० मायक्रोलिटर १० टक्के एफबीएस, १६ तास. अर्क वर आणि खाली दोन्हीकडे सारख्या तीव्रतेने घाला. फक्त वर घातला तर अर्काचाच उतार तयार होतो आणि पेशी त्यापासून पळताहेत की सीरमकडे जाताहेत, कळत नाही. वरच्या पेशी कापसाच्या बोळ्याने पुसा, पडद्याच्या कडेला विशेष लक्ष द्या. खालच्या रंगवून मोजा. पडद्यावरून सुटून खालच्या माध्यमात पडलेल्या पेशीही मोजायला हव्यात. पकड सैल करणाऱ्या अर्कात त्या जास्त असतात आणि न मोजल्यास स्थलांतर कमी झाल्यासारखं दिसतं.

---

प्रयोगवही (नागपूर)

सर्वांचे मनापासून आभार. बाटलीतला थर्मामीटर आजच ठेवते. दोन शंका उरल्या. एमसीएफ-७ या कामातून काढून टाकावी का? आणि मात्रा १०० मायक्रोग्रॅम ठीक आहे का? एमटीटीत (जिवंत पेशी मोजायच्या रंगचाचणीत) त्या मात्रेला ८० टक्क्यांच्या वर पेशी जिवंत दिसतात. व्हिन्क्युलिन (तळाच्या पकडीच्या जागचं प्रथिन) आणि अ‍ॅक्टिन रंगवून कॉन्फोकलवर बघायचं आहे, पण ती सोय शहराच्या दुसऱ्या टोकाच्या संस्थेत आहे.

---

जोडबिंदू

एमसीएफ-७ स्थलांतराच्या मुख्य मोजणीत नको. ती इतकी मंद आहे की चीर भरायला ४८-७२ तास लागतात, तेवढ्यात विभाजन मिसळतंच. आसंजन चाचणीत ठेवा, तिथे २३१ शी तुलना चांगली होईल. थराने सरकणाऱ्या पेशी हव्या असतील तर एचएकॅट (माणसाच्या त्वचेच्या पेशी) घ्या.

एमटीटीबद्दल सावध राहा. सालीतले अपचायक पदार्थ पेशींशिवायही एमटीटीला जांभळं करतात, त्यामुळे जिवंत पेशींचा आकडा फुगतो. पेशी नसलेल्या वेलमध्ये माध्यम, अर्क आणि एमटीटी घालून ते वाचन वजा करा, शिवाय ट्रायपॅन ब्लूने प्रत्यक्ष मोजा. मात्रा एकच नको, १२.५, २५, ५० आणि १०० घ्या. अर्कातलं मेथॅनॉल पूर्ण उडवून मगच डीएमएसओत विरघळवा. सालीतलं हेस्पेरिडिन पाण्यात फार कमी विरघळतं. डीएमएसओतला स्वच्छ अर्क माध्यमात घातल्यावर सुईसारखे स्फटिक पडू शकतात. प्रत्येक मात्रेची पेशी नसलेली एक वेल २४ तास ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. स्फटिक दिसले तर ती मात्रा बाद, कारण पेशींना प्रत्यक्षात किती मिळालं हे सांगता येणार नाही.

आणि मायकोप्लाझ्माची पीसीआर करून घ्या. हा जंतू ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो, माध्यम गढूळ करत नाही, आणि वाढ, पकड, वेग तिन्ही बिघडवतो.

---

मॅट्रिक्स_वर्धारोड

कॉन्फोकलसाठी जिवंत प्लेट या उन्हात शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेऊ नका. आपल्याच लॅबमध्ये फिक्स करून काचा न्या. पेशी क्र. १.५ च्या, म्हणजे ०.१७ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपवर फायब्रोनेक्टिन लावून वाढवा. ३७ अंशांवर गरम केलेल्या ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने १५ मिनिटं, ०.१ टक्का ट्रायटनने (पेशीपटलाला छिद्रं पाडणाऱ्या द्रव्याने) ५ मिनिटं, ३ टक्के बीएसएने अर्धा तास. व्हिन्क्युलिनची अँटिबॉडी, मग दुसऱ्या अँटिबॉडीसोबतच फॅलोइडिन आणि हेक्स्ट. मेथॅनॉलने फिक्स करू नका, फॅलोइडिन त्यानंतर अ‍ॅक्टिनला धरत नाही. कडक होणारं माउंटिंग माध्यम वापरून रात्रभर अंधारात सुकू द्या, नेलपॉलिशने कडा बंद करा. स्लाइड बॉक्स आडवा, फॉइलमध्ये, थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅकसोबत. जेल पॅक आणि बॉक्स यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी घाला, नाहीतर काचेवर दव धरतं. पहिल्या खेपेला कंट्रोल, नोकोडाझोल आणि ५० मायक्रोग्रॅम अर्क एवढ्या तीनच काचा न्या. लेझरची तीव्रता आणि गेन कंट्रोलवर ठरवून बाकीच्या दोन त्याच मांडणीत घ्या आणि ती मांडणी वहीत लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या खेपा तिच्यावरच कराव्या लागतील.